आईची आई, तिची आई: बेने इस्रायलांची लग्नं आणि जेरुसलेमचा आक्षेप

साल १९६२, फेब्रुवारीनंतरचे दिवस. इस्रायलच्या दक्षिणेला बेरशेबात एक जोडपं लग्नाची नोंद करायला रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, कचेरीत जातं. मुलगा मोरोक्कोहून आलेल्या घरातला. मुलगी मुंबईहून आलेली, आडनावाच्या शेवटी ‘कर’. मुलाचे कागद पुढे सरकतात. मुलीचं आडनाव वाचून मात्र टेबलापलीकडचा माणूस थांबतो आणि विचारायला लागतो. तुझी आई यहुदी होती का? आईची आई? तिची आई? मागे जाता येईल तितकं मागे. घराण्यात कुणाचा घटस्फोट होऊन पुन्हा लग्न झालं होतं का? कुठे शंका निघाली तर प्रकरण रब्बींच्या न्यायालयाकडे जाणार, आणि तोवर लग्न थांबणार.

हे जोडपं मी कल्पनेने उभं केलं आहे. प्रश्न मात्र खरे आहेत. इस्रायलच्या मुख्य रब्बीपीठाने, म्हणजे जेरुसलेममधल्या सर्वोच्च धर्मपीठाने, त्या फेब्रुवारीत विवाह नोंदवणाऱ्यांना जे निर्देश पाठवले त्यांत ही चौकशी होती, आणि ती ज्यांच्या बाबतीत करायची त्या समाजाचं नावही घातलेलं होतं: बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. म्हणजे रोहेकर, पेणकर, अष्टमकर, दिवेकर, नवगावकर. रायगड जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवत गेलं की ही आडनावं आपोआप वाचली जातात.

परमुलखात घर आणि ओळख कशी जपायची, यावर यहुदी परंपरेने अडीच हजार वर्षं विचार केला आहे. या प्रकरणात तो सगळा विचार एका टेबलावर आला, आणि त्यातली एक बाजू दुसऱ्या बाजूला ओळखेना. मला हे प्रकरण त्यासाठी महत्त्वाचं वाटतं.

कोकणात काय टिकलं

समाजाची स्वतःबद्दलची कथा सगळ्यांना माहीत आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेले गावोगाव पांगले, तेलाचा घाणा चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ही घटना नेमकी कधीची यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि या प्रकरणापुरतं ते असण्याची गरजही नाही. मुद्दा वेगळा आहे. पोथी नाही, रब्बी नाही, बाहेरच्या यहुद्यांशी संपर्क नाही, तरी काही गोष्टी राहिल्या: शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशीची सुंता, खाण्याची पथ्यं, काही उपास आणि सण, आणि ‘शेमा’ ही एकच प्रार्थना. ती लग्नात म्हणायची, सुंतेला म्हणायची, नवस फेडतानाही म्हणायची.

बाहेरच्या यहुदी जगाने या लोकांना ‘ओळखलं’ ती गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. दाविद रहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला. हे लोक आपले असावेत असं त्याला वाटलं, पण खात्री होईना. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली, खवल्यांची आणि बिनखवल्यांची एकत्र, आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी उचलली, बाकीची बाजूला सारली. का, असं विचारल्यावर ‘आम्ही ही खात नाही’ एवढंच उत्तर. मोशेच्या नियमशास्त्रातलं कलम त्यांना पाठ नव्हतं. कोलंबी, खेकडा आणि तिसऱ्या सोडून कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. रहाबीने मग झिराड, राजपूरकर आणि शापूरकर अशा तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून काझी केलं. काझी गावोगाव फिरायचे, लग्नं लावायचे, सुंता करायचे आणि भांडणं तोडायचे. रहाबी कुठल्या शतकातला, यावरही वाद आहेच. कथेचा रोख मात्र स्पष्ट आहे. ओळख पटली ती बायकांच्या हातांवरून.

सणांना त्यांनी मराठी नावं दिली होती. नववर्षाचा ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवसाला, म्हणजे योम किप्पुरला, ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं आणि परक्याशी संबंध ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. शरदातला ‘खिरीचा सण’. पुरीमला सरळ ‘होळीचा सण’, दिवसही जवळपास तेच. दारफाळणी हा शब्द मला या सगळ्यांत फार बोलका वाटतो. त्यात धर्मशास्त्राचा एकही शब्द नाही, पण वर्षातून एक दिवस घर हे मंदिर कसं होतं ते पुरतं कळतं.

जेवणातही हेच. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून रश्श्यात नारळाचं दूध. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा करायचा, तोही नारळाच्या दुधात: गहू भिजवायचे, वाटायचे, चीक गाळून घ्यायचा, नारळाचं दूध आणि साखर घालून आटवत बसायचं, घट्ट झाला की ताटात थापून वड्या पाडायच्या. मटणाच्या जेवणानंतरही तो खाता येतो. कोकणात नारळ मुबलक म्हणून हे जमलं असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. पण नारळ शेजाऱ्यांकडेही होता. तो कशासाठी वापरायचा हे या घरांनी ठरवलं.

आणि मलिदा. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा आणि भोवती फळं. लग्नाआधी, नवस फेडताना, घर बांधल्यावर. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत असं ते मानतात. आता एलिया संदेष्टा सगळ्याच यहुद्यांचा, पण त्याला पोह्यांचं ताट फक्त कोकणात मिळतं.

नावं बदलली, भाषा बदलली

यहुदी विचारातलं एक जुनं वचन इथे अडचण करतं. लेवीय पुस्तकावरच्या मिद्राशात, म्हणजे जुन्या रब्बींच्या टीकेत, सांगितलंय की इजिप्तमधून इस्रायलींची सुटका झाली, कारण त्यांनी तिथे आपली नावं बदलली नाहीत, भाषा बदलली नाही, चहाड्या केल्या नाहीत आणि घराण्यांची चाल शुद्ध ठेवली. लोकांच्या तोंडी या यादीत पोशाखही येतो.

या मापाने बेने इस्रायल कुठे बसतात? नाव बदललं. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, अब्राहामचा आबाजी. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर, शआर हारहमीम, १७९६ मध्ये बांधणारा माणूस शमुवेल यहेज्केल दिवेकर, लोकांत ओळखला जायचा तो सामाजी हसाजी म्हणून. (त्या मंदिराला ‘मशीद’ म्हणत आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं असं समाजात सांगतात.) भाषा तर पूर्ण मराठी झाली. बायका लुगडी नेसल्या, गळ्यात मंगळसूत्र आलं, लग्नाआधी मेंदी आली. प्रार्थनामंदिराच्या कारभाऱ्यांची नावं तर थेट गावच्या चावडीवरची: मुकादम आणि चौगुला.

मिद्राशातल्या चारांपैकी दोन गोष्टी साफ गेल्या. तिसरीची, म्हणजे चहाडीची, हमी कुठलाच समाज देणार नाही. राहिली चौथी: घराण्याची चाल. पुढे जेरुसलेमने नेमका तिच्यावरच प्रश्न विचारला.

पण परंपरेत दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला कैद होऊन गेलेल्यांना पत्र पाठवलं त्याचा सारांश असा: घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा, कमी होऊ नका, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं चिंता, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. यात कुठेही नावाची, भाषेची किंवा पोशाखाची अट नाही. लग्न आहे, घर आहे, झाड आहे. तिसऱ्या शतकात बाबिलोनियातल्या शमुवेल नावाच्या आचार्याने याला कायद्याचं रूप दिलं: ‘दीना दमल्खुता दीना’, राज्याचा कायदा तो कायदा. आणि पुरीम सणामागची एस्तेर राणीची गोष्ट तर नावं बदलूनच घडते. तिचं मूळ नाव हदासा. ‘एस्तेर’ आणि ‘मर्दखय’ या नावांचा संबंध बाबेलच्या देवतांच्या नावांशी लावतात. ती नावं घेऊनच त्यांनी आपले लोक वाचवले, आणि त्यांचीच आठवण बेने इस्रायलांनी होळीचा सण म्हणून ठेवली.

म्हणजे परंपरेकडे दोन मापं होती. एक बाहेरून दिसणाऱ्या खुणांचं, दुसरं आत चाललेल्या घराचं. कोकणातला समाज दुसऱ्या मापाने जगला. बाराव्या शतकाच्या अखेरीस मायमोनिदीस या यहुदी धर्मपंडिताने फ्रान्समधल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा ओझरता उल्लेख आहे: त्यांना तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, ठाऊक नाही, शब्बाथ (शनिवारची विश्रांती) आणि आठव्या दिवशीची सुंता एवढंच त्यांच्याकडे आहे. हे बेने इस्रायलांबद्दलच आहे की नाही याची खात्री नाही, आणि सूर जरा हिणवण्याचा वाटतो. पण पोथीशिवाय एवढं राहिलं याचं आश्चर्य त्या थोर माणसाला वाटलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

मुंबईत पहिली ठेच

जेरुसलेमच्या आक्षेपाची तालीम मुंबईत आधीच झाली होती. बगदादचा व्यापारी डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आला आणि त्याच्यामागून बगदादी यहुद्यांचा समाज वाढला. आधी ते बेने इस्रायलांच्याच मंदिरात प्रार्थनेला जात. मग श्रीमंती आली आणि दुरावाही आला. मुंबईच्या यहुदी दफनभूमीत मध्ये भिंत घालावी, असा अर्ज बगदादी मंडळींनी १८३६ मध्ये केला. पुढे १८६१ मध्ये भायखळ्याला त्यांचं मागेन दाविद प्रार्थनामंदिर उभं राहिलं आणि १८६७ मध्ये पुण्याचं ओहेल दाविद, आपलं लाल देऊळ. बेने इस्रायलांशी सोयरीक बगदादी घरं टाळत. कारण विचारलं तर उत्तर तेच, घराण्याची खात्री नाही. १९३० च्या दशकात रंगूनमध्ये हा वाद कोर्टात गेला आणि तिथल्या प्रार्थनामंदिरातल्या हक्कांसाठी भांडणारे बेने इस्रायल जिंकले.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. बेने इस्रायलांमध्ये स्वतःतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. ज्यांच्या घराण्यात कधीकाळी बाहेरची बायको आली असं मानलं जायचं ते काळे, आणि गोऱ्यांची त्यांच्याशी रोटी-बेटी नसे. बगदाद्यांनी आपल्याला जे केलं म्हणून आपण दुखावलो, तेच आपण घरात करत होतो, हे समाजातल्या जाणत्यांना कळत होतं. तो भेद विसाव्या शतकात बराच विरला. पण घराणं शुद्ध ठेवण्याचा ध्यास बाहेरून आलेला नव्हता, हे लक्षात ठेवलं म्हणजे पुढचं प्रकरण सरळ काळं-पांढरं राहत नाही.

गाठ नेमकी कुठे बसली

१९४८ मध्ये इस्रायल झालं तेव्हा बेने इस्रायलांची संख्या सुमारे वीस हजार होती. १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक यहुद्याला तिथे जाण्याचा हक्क दिला आणि मुंबईची घरं हळूहळू रिकामी होऊ लागली. पहिला अनुभव काही बरा नव्हता. १९५१ च्या अखेरीस काही बेने इस्रायलांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं: आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये शंभरावर लोकांना खरंच परत आणण्यात आलं. त्यांतल्या बहुतेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जायचा अर्ज केला, आणि परतले. त्या दोन उड्यांमध्ये काय घालमेल झाली असेल त्यावर वेगळा लेख होईल.

लग्नाचा प्रश्न कायद्यामुळे टोकाला गेला. १९५३ च्या कायद्याने इस्रायलमधल्या यहुद्यांची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांच्या हाती दिले, तोराच्या नियमांप्रमाणे. नोंदणी पद्धतीने लग्न करून मोकळं व्हायची सोय देशात नव्हती. मुंबईत एखाद्या बगदाद्याने नाक मुरडलं तर बेने इस्रायल मुलगा आपल्या समाजात लग्न करून सुखी राहायचा. बेरशेबात रब्बीने नाक मुरडलं की लग्नच होत नव्हतं.

आणि रब्बीची शंका ‘हे यहुदी आहेत का’ ही नव्हती, निदान मुख्य शंका ती नव्हती. ती असती तर उपाय सोपा होता: धर्मांतराचा विधी आणि मिकव्यात, म्हणजे विधीस्नानाच्या कुंडात, एक डुबकी. काही रब्बी तेवढंच मागत होते, आणि समाजाला तोही अपमान वाटत होता, योग्यच वाटत होता. खरी गाठ ‘मामझेर’ या कल्पनेत होती. विवाहित बाईचा पहिला विवाह रीतसर मोडलेला नसताना दुसऱ्या पुरुषापासून मूल झालं, तर ते मूल मामझेर. त्याला आणि त्याच्या वंशजांना इतर यहुद्यांशी लग्न करता येत नाही, दहाव्या पिढीपर्यंतसुद्धा. आता विवाह रीतसर मोडायचा म्हणजे ‘गेट’ लागतं: नवऱ्याने बायकोला दिलेलं सोडचिठ्ठीचं पत्र, ठरावीक मजकुराचं, ठरावीक साक्षीदारांसमोर, जाणकार रब्बीच्या देखरेखीखाली लिहिलेलं. कोकणातल्या काझीला हे सगळं कुठून येणार? बेने इस्रायलांकडे दीक्षा मिळालेले रब्बी नव्हते, बेथ दिन, म्हणजे रब्बींचं न्यायालय, नव्हतं. मग पूर्वी कुणी बायको सोडली असेल, तिने दुसरं घर केलं असेल, तर त्या घराची मुलं? त्यांची मुलं? त्यांतली एखादी आज बेरशेबात टेबलासमोर उभी असेल तर?

दुसरी शंका विधवांची. मूल नसलेली विधवा दिराशी बांधलेली असते. त्याने तिच्याशी लग्न करायचं किंवा ‘हलित्सा’ करून, पायातलं पायताण सोडवून घेऊन, तिला मोकळं करायचं. हे कोकणात होत होतं का? नव्हतं. पण त्याचं कारण गमतीचं आहे. शेजारच्या वरच्या जातींचं बघून बेने इस्रायलांनी विधवेचं लग्न करणंच बरीच वर्षं टाळलं होतं. परक्या चालीने, नकळत, यहुदी कायद्याचा भंग टळला. (विधवांच्या वाट्याला त्यातून काय आलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याचं कौतुक नको.)

या गाठीतली खरी मेख अशी. बेने इस्रायलांची लग्नं यहुदी कायद्याने पक्की मानली, तर ती मोडायला गेट लागतं आणि मामझेरची शंका उभी राहते. ते यहुदीच नाहीत असं धरलं, तर शंका डुबकीने धुतली जाते. म्हणजे जेवढे पक्के यहुदी, तेवढी अडचण मोठी. शतकानुशतकं घर राखल्याचं हे बक्षीस.

यातून बाहेर पडायचा रस्ताही त्याच परंपरेत होता. तालमूद या यहुदी कायद्याच्या जुन्या संग्रहातल्या किद्दुशीन ग्रंथात म्हटलं आहे की सगळी कुटुंबं योग्यच आहेत असं गृहीत धरायचं. त्याच ग्रंथात असंही म्हटलं आहे की एखादं घराणं मिसळून गेलं असेल तर मिसळलं, उकरत बसू नये. आणि तिथेच एक पिठाची उपमा आहे. बाबेलच्या तुलनेत बाकीच्या सगळ्या देशांची घराणी म्हणजे मळलेली कणीक, सगळं एकत्र झालेलं, आणि बाबेलची घराणी म्हणजे चाळून घेतलेला मैदा. कारण एज्रा हा शास्त्री बाबेलहून जेरुसलेमला परतला तेव्हा ज्यांच्या घराण्याबद्दल शंका होती त्यांना बरोबर घेऊन गेला. म्हणजे परदेशात राहिलेले शुद्ध, मायदेशी गेलेले मिसळलेले! जेरुसलेमने बेने इस्रायलांना प्रश्न विचारण्याआधी ही उपमा आठवायला हरकत नव्हती.

मला त्यावरून आणखी एक पीठ आठवतं. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे. त्या साडी नेसून खाली बसलेल्या आहेत, आपल्या आज्या बसत तशा. मजकूर हिब्रू आणि मराठी, प्रसंग इजिप्तमधून सुटकेचा, बैठक पुण्याची. घराण्याचा दाखला म्हणून हे चित्र कुणी टेबलावर ठेवलं असतं तर चाललं नसतं. दाखला म्हणून माझ्या मते तेच खरं होतं.

तीन वर्षं

मुख्य रब्बी तेव्हा एकच होते, यित्झाक निस्सीम. अश्केनाझी, म्हणजे युरोपीय यहुद्यांचे, मुख्य रब्बी हर्झोग १९५९ मध्ये वारले होते आणि ती जागा १९६४ पर्यंत रिकामी राहिली. निस्सीम जन्माने बगदादचे. त्यांनी प्रश्नाचा अभ्यास केला, जुने निर्णय पाहिले, समाजातल्या चालीरीतींची माहिती घेतली. त्यातून पुढे आलं की बेने इस्रायलांमध्ये घटस्फोट फार विरळा होता. शंकेला धरायला फांदी नव्हती. ऑक्टोबर १९६१ मध्ये रब्बीपीठाच्या परिषदेने ठरवलं: बेने इस्रायलांशी विवाहाला मनाई करण्याचा आधार नाही.

हे वाचून वाटतं की प्रकरण मिटलं. पण गावोगावचे विवाह नोंदणारे रब्बी आपापल्या खुर्चीत होते, आणि कडव्या मंडळींचा दबाव वाढत होता. चारच महिन्यांनी ते निर्देश आले. परवानगी कायम, पण बेने इस्रायल अर्जदाराच्या बाबतीत आई, आजी, पणजी अशी शक्य तितकी मागे चौकशी करा, आणि आईबाप किंवा त्यांच्या मागच्यांत घटस्फोटानंतरचं लग्न होतं का ते पाहा. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने मोजत बसले.

रब्बीपीठाला खलनायक ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. १९६१ चा निर्णय धाडसाचा होता आणि त्यामागे खरी विद्वत्ता होती. चूक १९६२ ला झाली, आणि ती शंका घेण्यात नव्हती. घटस्फोटाची शंका मोरोक्कोच्या किंवा पोलंडच्या घराण्यातही निघू शकते. चूक होती ती एका समाजाचं नाव घालण्यात. नाव घातल्याक्षणी त्या समाजातली प्रत्येक आजी संशयित झाली, जिने घटस्फोट हा शब्द कधी उच्चारला नसेल ती सुद्धा. तिची नात मग टेबलावर काय ठेवणार? जन्माची नोंद नसलेल्या काळातल्या, पेणजवळच्या एखाद्या वाडीत गेलेल्या बाईचा कागद कुठून आणणार? कोकणात ही पणजी कोण हे गावाला माहीत होतं. शनिवारी तिच्या घरचा घाणा फिरत नव्हता, हाच तिचा दाखला होता.

समाज गप्प बसला नाही. समिती झाली, मोर्चे निघाले, उपोषणं झाली. मुंबईतही निषेध झाला. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्रायल कुटुंबं जेरुसलेमला आली आणि स्थलांतरितांची सोय पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या आवारात ठाण मांडून बसली. मागणी एकच होती, निर्देशातलं आमचं नाव काढा.

ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटची, म्हणजे इस्रायलच्या संसदेची, खास बैठक बोलावली गेली. लेवी एश्कोल पंतप्रधान होते. सरकारच्या भूमिकेला क्नेसेटने दुजोरा दिला: बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, इतर यहुद्यांपेक्षा त्यांच्यात काही वेगळं नाही, विवाहासह सर्व बाबतींत त्यांचे हक्क समान आहेत, आणि भेदभावाची भावना निर्माण करणारी कारणं रब्बीपीठाने दूर करावीत. धर्मशास्त्राच्या प्रश्नात संसदेने पडावं का, यावर इस्रायलमध्ये तेव्हाही मतभेद होते. महिनाअखेर रब्बीपीठाने निर्देश बदलले. ‘बेने इस्रायल’ हे शब्द गेले. त्या जागी आलं, ज्याच्या कुटुंबाच्या स्थितीबद्दल शंका असेल असा कोणीही.

नंतर

‘कोणीही’ या शब्दाने कागदावर समता आली. व्यवहारात एखादा रब्बी मराठी आडनाव बघून अडून बसल्याच्या तक्रारी पुढेही अधूनमधून येत राहिल्या. पण पुढच्या पिढीची लग्नं मोरोक्को, इराक, येमेन, पोलंड अशा सगळीकडच्या घरांशी झाली. ती इतकी झाली की आता बेरशेबा, अश्दोद, लोद, दिमोना इथल्या घरांत ‘कर’ आडनावाची आजी आणि भलत्याच देशाचं आडनाव लावणारी नातवंडं ही साधी गोष्ट आहे. तालमूदच्या भाषेत, मिसळलं ते मिसळलं.

इकडे मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग धरून काही हजार लोक उरले. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. भारतात त्यांना यहुदी म्हणून कधी कुणी छळलं नाही, आणि म्हणूनच कदाचित तो दर्जा मागायला त्यांना इतकी वर्षं लागली.

तिकडे एक उलटी गोष्ट सुरू झाली. कोकणात ज्या घरांनी मराठीत राहून यहुदीपण सांभाळलं, त्यांना इस्रायलमध्ये यहुदीपण सांभाळायची गरज उरली नाही. शनिवार सगळ्या देशाचाच बंद. आता सांभाळायची वेळ मराठीवर आली. १ मे ला तिथे महाराष्ट्र दिन साजरा होतो. ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक तिथे अनेक वर्षं चाललं. आणि लग्नाच्या आधी मलिद्याचं ताट मांडलं जातं: पोहे धुऊन निथळत ठेवायचे, खोबरं खवायचं, साखर, वेलची, बदामाचे काप, भोवती फळं. एलियाहू हनाबीचं नाव घ्यायचं आणि प्रसाद वाटायचा. सोयऱ्यांकडची मंडळी पहिल्यांदा आलेली असतात, त्यांना हे काय ते माहीत नसतं. मग कुणीतरी आजी हिब्रूत समजावू लागते, आणि खवलेल्या ओल्या खोबऱ्यापाशी येऊन तिचा शब्द अडतो.